बाळापूरचं हिरवं टिंब

तुमच्या गावात सरकारी साइट चालू आहे की बंद, हे कोण ठरवतं? सातबारा आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन सकाळपासून सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेले तुम्ही ठरवता? की पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बोट दाखवून 'पाहा, फिरूनच राहिलं' म्हणणारा केंद्रवाला? दोघंही नाही. आमच्याकडे हे एक डबी ठरवते. साबणाच्या वडीएवढी, काळी, कडेला एक मिणमिणता दिवा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या बऱ्याच केंद्रांवर ती मीच पिशवीतून नेऊन बसवली. जिथे जाणं जमलं नाही तिथे एसटीच्या पार्सलनं पाठवली. बाळापूरची पार्सलनं गेली होती, आणि गोष्ट बाळापूरचीच आहे.

त्याआधी थोडं घरचं. माझं लहानपण धामणगाव रेल्वेला बाबांच्या छापखान्यात गेलं. स्टेशनाजवळ एक खोली, पायानं चालवायचं जुनं मशीन, गुलाबी-पिवळ्या हलक्या कागदाचे गठ्ठे. लग्नपत्रिका कमी, पत्रकंच जास्त. जिनिंगमधल्या कामगारांची, कापसाच्या भावासाठीच्या मेळाव्यांची, लोडशेडिंगविरुद्धच्या मोर्चांची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. 'जाहीर निषेध' मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होतं. आई म्हणायची, ही पोरगी भूक लागली तरी मागणी करत नाही, मागण्या करते.

बाबांचा एक नियम होता. पत्रक हाती आलं की वरून वाचायचं नाही, खालून वाचायचं. तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापलं, हे असतं. ते नसेल तर वरची मोठी अक्षरं कितीही पटली तरी थांबायचं. "मानूस ओरडून राहिला हे सगळ्यांलेच आयकू येते," बाबा म्हणायचे. "कुठून ओरडून राहिला, ते पाय आधी."

पुढे फ्लेक्स आले, बाबांचं मशीन थांबलं, आणि मी संगणकाची पदवी घेऊन अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत लागले. कॉटन मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बियाण्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. जिना चढताना औषधांचा उग्र वास यायचा आणि खाली दुकानात लोक पाकिटं उलटसुलट करून पाहत उभे असायचे. कपाशीवर बोंडअळी येऊन गेलेली, सोंगून, म्हणजे कापून, ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडून शेंगांना कोंब फुटलेले, असे ते हंगाम. नुकसान शेतात व्हायचं, पण सिद्ध पडद्यावर करावं लागायचं. अर्ज ऑनलाइन, फोटो ऑनलाइन, तक्रारही ऑनलाइन. शेवटची तारीख मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात.

ती साइट म्हणे क्लाउडवर होती. क्लाउड म्हणजे काय, तर दूरच्या शहरातल्या कुणाच्या तरी थंडगार इमारतीत भाड्यानं घेतलेली मशिनं. तिथून रोज निरोप यायचा की साइट उत्तम आहे. आणि गावातून रोज फोन यायचा की साइट बंद आहे. दोन्ही खरं होतं, हीच गंमत. पंगतीत स्वयंपाकघरातून 'वाढलं' अशी हाक येणं वेगळं आणि शेवटच्या पानावर भात पडणं वेगळं. शेवटच्या पानावर भात पडला की नाही ते पाहायचं काम, साइट ज्या सरकारी खात्याची, त्यानं आमच्या कंपनीला दिलं होतं.

त्यासाठी ही डबी. तंत्राच्या भाषेत तिला एजंट म्हणतात. मी तो शब्द पहिल्याच गावात सोडून दिला, कारण वऱ्हाडात एजंट म्हटलं की लोक आधी खिसा धरतात. डबीचं काम साधं. दर थोड्या वेळानं तीच गिऱ्हाईक व्हायची. साइट उघडायची, चाचणीसाठी दिलेल्या नावानं आत शिरायची, जिल्हा निवडायची, तालुका निवडायची, पान यायची वाट पाहायची, शेवटच्या बटणाआधी मागे फिरायची आणि किती वेळ लागला ते आम्हाला कळवायची. ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा आणि प्रत्येक डबीचं एक टिंब. हिरवं म्हणजे पान लगेच आलं, पिवळं म्हणजे रखडत आलं, लाल म्हणजे आलंच नाही.

मला त्या पडद्याचं वेडच लागलं. आमचे साहेब दिवसातून एकदा त्याच्यासमोर चहा घेऊन उभे राहत, हिरवा रंग जास्त दिसला की समाधानानं आत जात. मी मात्र जेवणाचा डबा घेऊन तिथेच बसायची. टिंबं बोलायला लागतात हो, पाहत राहिलं की. धामणगावचं टिंब सकाळी धान्याचा लिलाव सुरू झाला की पिवळं पडायचं, कारण अख्खं मार्केट एकदम फोनवर. तिथली डबी अडत्यांच्या दुकानांना लागून असलेल्या केंद्रात होती, त्यांच्याच टॉवरखाली. चिखलदऱ्याचं तर शनिवार-रविवारी लाल व्हायचं. आधी मी धुक्याला दोष दिला. मग तिथल्या केंद्रवाल्याला फोन करून विचारलं तर तो हसायलाच लागला. "ताई, धुकं नाही, पाहुणे! अमरावती-नागपूरचे लोक येतात आन् पॉइंटावर उभे राहून दिवसभर फोटो पाठवतात. टॉवर बिचारा एक." कोरकू पाड्यातल्या माणसाचा अर्ज अडतो तो कुणाच्या तरी सूर्यास्ताच्या फोटोमागे, हे मला टिंबानं शिकवलं. त्या दिवशी मी इतकी खूश झाले की साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब म्हणाले, "मग रिपोर्टमधून शनिवार-रविवार काढून टाकता येईल का?"

सगळी टिंबं अशी दिवसभर रंग बदलायची. एक सोडून. बाळापूरचं टिंब सदा हिरवं. पाऊस असो, वीज जावो, शेवटची तारीख जवळ येवो, ते हिरवंच. बाकीचा अकोला जिल्हा लालेलाल झाला तरी मधोमध हे एक हिरवं, पळसाच्या रानात कुणी लिंबाची फांदी खोचावी तसं. मी साहेबांना म्हटलं, "हे बरोबर नाही वाटत." साहेब म्हणाले, "चांगलं चाललं तरी तुला दुखतं."

आणि त्याच आठवड्यात बाळापूरहून तक्रार आली. आमच्याकडे नाही, खात्याकडे. तिथल्या केंद्रात अर्ज भरले जात नाहीत, केंद्रवाला 'साइट बंद' म्हणून लोकांना परत पाठवतो, अशी. खात्यातल्या अधिकाऱ्यानं आमचा पडदा उघडून पाहिला. बाळापूर हिरवं. म्हणजे साइट चालू, म्हणजे केंद्रवाला खोटं बोलतो, म्हणजे लोकांना ताटकळवून वरचे पैसे काढायचा धंदा असणार. किती सरळ हिशेब! केंद्रवाल्याला नोटीस गेली की त्याची आयडी बंद का करू नये. आयडी म्हणजे साइटवर काम करायची त्याची परवानगी. ती गेली की केंद्र गेलं. आणि आमच्या साहेबांना फोन आला की बाळापूरची साइट अखंड चालू होती, असं सहीशिक्क्यानिशी लिहून पाठवा, शुक्रवारी निकाली काढतो.

साहेबांनी ते काम मला दिलं. "एक पान तर आहे. आकडे टाक, प्रिंट काढ."

मी ते पान टाइप केलं. वर ठळक अक्षरांत 'बाळापूर केंद्र : सेवा अखंड उपलब्ध'. मग लहानपणीच्या सवयीनं डोळे खाली गेले. तळ कोरा होता. हे कोण म्हणतंय, कुठून म्हणतंय, काही नाही. डबी म्हणतेय, बरं. पण डबी कुठे बसून म्हणतेय?

"मी बाळापूरला जाऊन येते," मी म्हटलं.

"कशाला? आकडा आहे ना."

"सर, ज्या माणसाचा धंदा आपण एका पानावर बंद करतोय, त्याचं तोंड तरी पाहावं."

"मोर्चा काढू नकोस तिथे जाऊन," साहेब म्हणाले. पण जाऊ दिलं. माणूस वाईट नव्हता, फक्त हिरव्या रंगाचा भक्त होता.

अकोल्याला एसटी बदलून बाळापूरला उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. किल्ल्याच्या बाजूनं बाजारात शिरलं की गाद्या-रजयांची दुकानं लागतात. केंद्र त्यातल्याच एका दुकानात होतं. अर्ध्या दुकानात कापूस पिंजायचं मशीन, गाद्यांच्या खोळी, आणि उरलेल्या अर्ध्यात एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर. हवेत रुईचे तंतू तरंगत होते, संगणकाच्या डोक्यावर तर पांढरी केसाळ टोपीच चढली होती. बाहेर पायरीवर, शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर, सायकलींना टेकून माणसं बसलेली. केंद्रवाले पन्नाशी ओलांडलेले, पांढरी दाढी, शर्टाच्या बाहीवर रुई. सगळे त्यांना चाचा म्हणत होते.

मी कंपनीची आहे असं म्हटल्याबरोबर पायरीवरच्या एका म्हातारीनं मान वर केली. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पासबुक.

"काहून वं, थे साइट तुमचीच काय?"

"साइट नाही मावशी. ती चालते का ते मोजायचं काम आमचं."

"मंग मोज ना, मोज! परवापासून बसून राहिली मी. साइट हाय का नवी नवरी? दारात उभी दिसते, आत काही येत नाही."

"तिले उखाना घ्या म्हना," सायकलीवरचा एकजण म्हणाला. "त्याच्याबिगर कोन आत सोडन?"

"उखाना तिचा आपल्यालेच घ्या लागते, बाप्पा. वाकडीतिकडी अक्षरं दाखवते अन् वाचा म्हन्ते. वाचले का पुन्हा बाहेर!"

सगळे हसले. चाचा नाही हसले. त्यांनी माझ्यापुढे नोटीस धरली, इतकी वेळा उघडून मिटलेली की घडीवर फाटायला आली होती. "बेटा, बीस बरस मैं गादी भरून राहिलो या बाजारात. गादीत जुना कापूस भरला म्हनून कोनी आजलोक बोललं नाही. अन् आता या लोकायले मी फसवून राहिलो म्हन्ते?"

"चाचा, मला साइट उघडून दाखवा."

त्यांनी दाखवली. संगणकाला मोबाइलच्या सिमचं डोंगल लावलेलं होतं, ते खिडकीच्या गजाला दोऱ्यानं बांधलेलं, कारण तिथेच थोडी रेंज यायची. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मी माझ्या फोनवर आमचा नकाशा उघडला, तो हलका, कमी रेंजवरही येतो. बाळापूर हिरवं. एकाच वेळी, एकाच दुकानात, एका पडद्यावर फिरणारं चक्र आणि दुसऱ्यावर हिरवं टिंब. राग नंतर आला. आधी आलं ते निव्वळ कुतूहल. ही डबी अशी कोणती साइट पाहतेय, जी इथे कुणालाच दिसत नाही?

"चाचा, डबी कुठेय?"

चाचांचा चेहरा एकदम उजळला. "डबी? ते आराम से हाय! चल, वरती चल. तसंही चाय घेतल्याबिगर कशी जाशीन? मंग भांडू आपन."

"भांडायला नाही आले मी."

"सगळे तसंच म्हन्तात," ते म्हणाले आणि जिना चढायला लागले.

वर त्यांचं घर. पहिलीच खोली बैठकीची. पाहुण्यांसाठी ठेवतात तशी, कुणी रोज वापरत नसावं अशी नीटनेटकी. काचेच्या कपाटात सोनेरी काठाच्या कपबशा आणि कपाटाशेजारी तिपाईवर भरतकाम केलेला रुमाल. रुमालावर आमची डबी. वर एक जाळीची टोपी, माशा बसू नयेत म्हणून ताटावर झाकतात ती. डबीला इन्व्हर्टरची वायर, आणि मागच्या खिडकीतून आलेली जाडशी पांढरी केबल.

"कशी ठेवली, पाहा!" चाचा म्हणाले.

चाची चहा घेऊन आल्या. त्यांनीही कौतुकानं डबीकडे पाहिलं. "आली तवापासून इथंच हाय. खाली रुई उडते, नाका-तोंडात जाते. परायी अमानत. काही झालं तर?"

"आणि ही केबल?"

आतल्या खोलीतून त्यांची मुलगी बाहेर आली. ती पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरून करायची. लॉकडाऊनमध्ये लागलेली नोकरी, आणि ही लाइन तिच्या कंपनीनं दिलेली. मागच्या गल्लीतून थेट तिच्या खोलीपर्यंत. "अब्बांनी सांगितलं की कंपनीची डबी आहे, तिला चांगली लाइन दे. माझ्या कामाची लाइन दुसऱ्या कुणाला देता येत नाही. दुकानालासुद्धा मी नाही दिली, तिथली गर्दी लागली तर माझं काम बंद पडेल. पण डबी काय, चिमणीएवढं खाते. म्हटलं, बसू दे."

मी कप खाली ठेवला. सगळं कळलं होतं आणि हसावं की रडावं ते कळत नव्हतं. पार्सलसोबत सूचनांचा कागद होता. खात्याच्या वरच्या ऑफिसातून आलेला, 'सुरक्षित जागी, धूळविरहित, अखंड वीजपुरवठ्यावर ठेवावी.' चाचांनी तो तंतोतंत पाळला होता आणि त्यात स्वतःच्या घरची रीत मिसळली होती. घरात पाहुणा आला की त्याला पाटावर बसवायचं, चांगला कप काढायचा, पंखा त्याच्याकडे वळवायचा. डबी पाहुणी होती. तिला घरातलं सगळ्यात चांगलं मिळालं होतं. चांगली लाइन, चांगली वीज, चांगली खोली. आणि ती इमानेइतबारे कळवत होती की या घरात सगळं उत्तम आहे. पाहुण्याला दुसरं काय दिसणार? घर कसं जगतं ते बैठकीत बसून दिसत नाही.

"चाचा," मी म्हटलं, "तुमची नोटीस या डबीमुळे आलीय."

त्यांना कळेना. मी सांगितलं. ही वरच्या लाइनीवर बसून साइट उघडते, तिला लगेच उघडते, ती वर कळवते की बाळापुरात साइट चालू आहे. खात्याचा अधिकारी ते पाहतो आणि म्हणतो की खाली दुकानात चाचा खोटं बोलतात.

चाचांनी आधी डबीकडे पाहिलं. मग चाचींना म्हणाले, "सुना? जाळी आपन झाकली तिच्यावर. आन् ते आपलीच चुगली करून राहिली."

"चुगली कशाची," मुलगी म्हणाली. "तिनं जे पाहिलं ते सांगितलं. तुम्हीच तिला खाली नेलं नाही."

"तर आता न्या," मी म्हटलं. "खाली, तुमच्या टेबलावर. तुमच्याच डोंगलवर. इन्व्हर्टर नको."

"रुईत?" चाची दचकल्या. "मेहमान को ऐसे नीचे..."

"चाची, तिला पाहुणी म्हणून पाठवली नाही. तिला रांगेत उभं राहायला पाठवलंय."

चाचांनी जाळी काढली, डबी उचलली. रुमालही उचलला, तो सोडायला ते तयार होईनात. खाली आल्यावर टेबलावर आधी रुमाल अंथरला, मग डबी ठेवली. मी ती डोंगलच्या लाइनीवर घेतली. पायरीवरचे लोक आत डोकावायला लागले. म्हातारी तर सरळ टेबलाशी येऊन उभी राहिली.

"हे काय हाय?"

"ही तुमच्यासारखीच एक गिऱ्हाईक आहे मावशी. आता ही पण साइट उघडायला बसलीय."

"हिचं पासबुक कुठं हाय?" कुणीतरी विचारलं.

"गप रे. पाहू दे."

मी फोन टेबलावर ठेवला, नकाशा सगळ्यांना दिसेल असा. बाळापूर हिरवं. डबीचा दिवा मिणमिणत होता. ती प्रयत्न करत होती. लोक श्वास रोखून एका टिंबाकडे पाहत होते. मी मनात म्हणत होते की आता जर नेमकी साइट उघडली तर माझी काही खैर नाही. टिंब पिवळं झालं. "आता?" म्हातारी म्हणाली. "थांबा." ती थांबली, सगळे थांबले, आणि टिंब लाल झालं.

असा जल्लोष मी आयुष्यात कमी वेळा ऐकला असेल. "झाली! लाल झाली!" सायकलवाल्यानं घंटी वाजवली. म्हातारीनं चाचांच्या पाठीवर थाप मारली, "पाय बाप्पा, ते बी भायेरच उभी राह्यली!" चाचा हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "ये क्या खुशी की बात हुई?" ते म्हणाले. "काम तर कोनाचंच झालं नाही." त्यांचं खरं होतं.

मी चाचांना म्हटलं की संध्याकाळपर्यंत थांबते. दिवसभर डबी रांगेत बसली. वीज गेली तशी ती गेली, आली तशी ती आली. सिमच्या टॉवरवर बाजाराची गर्दी वाढली तशी ती रखडली. दुपारी कधीतरी साइट उघडली, तेव्हा टिंबही हिरवं झालं आणि चाचांनी घाईघाईनं म्हातारीचा अर्ज आधी भरून घेतला. डबी आता खरं सांगत होती. चांगलंही आणि वाईटही.

अमरावतीला परतल्यावर मी ते पान फाडलं आणि नवीन लिहिलं. जुनी टिंबं कुठून आली आणि नवी कुठून, दोन्ही. साहेब म्हणाले, "तू डबी हलवलीस. आधी परवानगी घ्यायला हवी होती."

"डबी चुकीच्या जागी होती सर."

"सूचनांप्रमाणेच होती ना? धूळविरहित, अखंड वीज?"

"सूचना खोट्या आहेत. बाळापुरात धूळ आहे, वीज जाते. ते काढून टाकून मोजलं तर बाळापूर मोजलंच नाही. मग आपण नक्की काय मोजतो? डबीची सोय?"

साहेबांनी चष्मा काढला. चिडल्यावर ते चष्मा काढत. "तू हे खात्याला सांगशील?"

"सांगेन. नाव घालून सांगेन. तळाशी."

पानाच्या तळाशी मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं : मोजमाप कुठल्या टेबलावरून, कुठल्या लाइनीवरून, विजेवर की बॅटरीवर, आणि बसवणारीचं नाव. बाबांनी ते पाहिलं असतं तर वर न पाहताच मान डोलावली असती. साहेबांनी चष्मा परत चढवला आणि सही केली. शुक्रवारी चाचांची आयडी बंद झाली नाही. नोटीस 'तूर्त प्रलंबित' असं उत्तर आलं. तूर्त म्हणजे किती, ते खातंच जाणे.

त्यानंतर मी गप्प बसले नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पार्सलनं गेलेल्या बाकीच्या ज्या डब्यांच्या टिंबांवर माझा भरवसा होता, त्या केंद्रांनाही फोन केले. अकोटकडच्या एका गावात डबी देवघरात होती. खंडेनवमीला तिची पूजा झाली होती, कुंकू दिव्याच्या भोकात गेलं होतं, म्हणून तो मंद वाटायचा. एका ठिकाणी ती सरपंचाच्या घरी होती, कारण तिथे एसी होता. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जितकी टिंबं बहुतेक वेळ हिरवी होती, तितकी घरं पाहुणचाराला पक्की होती. कुणी फसवत नव्हतं. सगळे आदरच करत होते. आणि त्या आदराच्या जोरावर वर कुणीतरी निवांत सांगत होतं की वऱ्हाडात साइट उत्तम चालते, लोकच आळशी आहेत.

आम्ही डब्या खाली आणायला लागलो, देवघरातून, बैठकीतून, एसीतून. नकाशा लाल होत गेला. आणि मग वरून नवीन सूचना आली की डबी अमुक वेगाच्या लाइनीवरच ठेवावी, कमी वेगाच्या जागा मोजमापातून वगळाव्यात. वाचून मी हसले. डबीला पुन्हा पाटावर बसवायचं ठरलं होतं, फक्त आता नियमानं. साहेब म्हणाले, "आता?" मी म्हटलं, "आता सर, वगळलेल्या गावांचं वेगळं पान काढू. आणि तळ कोरा सोडणार नाही."

ते पान आम्ही दर आठवड्याला पाठवतो. वर कुणी वाचतं की नाही, माहीत नाही. बाळापूरला चाचांच्या टेबलावर डबी अजून आहे, भरतकामाच्या रुमालावर. रुमाल आता रुईनं पांढरा झालाय. त्यांची नोटीस अजून 'तूर्त'मध्येच आहे, आणि खात्यानं उद्या पुन्हा फक्त चांगल्या लाइनींचा नकाशा उघडला तर ती कधीही जागी होईल. एकट्या माझ्या पानानं ती थांबणार नाही.

म्हणून तुम्हाला काम सांगते. पुढच्या वेळी सेवा केंद्रात गेलात, पडद्यावर चक्र फिरायला लागलं, की घरी जाऊ नका. केंद्रवाल्याला विचारा, 'तुमची डबी कुठेय?' वर बैठकीत असेल, देवघरात असेल, तर म्हणा खाली आणा, आमच्या रांगेत बसवा. आणि तालुक्याच्या ऑफिसात कुणी हिरवा नकाशा दाखवून तुम्हाला किंवा तुमच्या केंद्रवाल्याला खोटं ठरवायला लागलं, तर वरचा रंग पाहू नका. खाली बोट ठेवा आणि विचारा, हे कुठून मोजलं? उत्तर लेखी मागा. मिळेपर्यंत उठू नका.